स्क्रोल सॉचं पातं सारखं निसटतंय?

स्क्रोल सॉ म्हणजे बारीक पात्यानं लाकडात नक्षी कापायची विजेवरची करवत, तेव्हा आधी प्लग काढा. पातं निसटलं की नवशिके पक्कड घेऊन क्लॅम्पचा, म्हणजे पात्याची टोकं धरणाऱ्या चिमट्याचा, स्क्रू आवळत बसतात. त्यानं आटेच जातात. दोष बहुतेक वेळा तेलाचा असतो. नव्या पात्यांवर गंज लागू नये म्हणून तेलाचा हात असतो, त्यामुळे क्लॅम्पची पकड बसत नाही. दोन्ही टोकं थिनरनं पुसा, १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर हलकी घासा. तोच कागद दुमडून क्लॅम्पच्या जबड्यातूनही फिरवा. स्क्रूचं टोक झिजून गुळगुळीत झालं असेल तर कानशीनं सपाट करा, नाहीतर स्क्रूच बदला, स्वस्त असतो. मग ताण द्या. बोटानं छेडल्यावर पातं तंबोऱ्याच्या तारेसारखं टणकन वाजलं पाहिजे. भद्द आवाज आला तर ताण कमी आहे. आणि हो, दात खाली तोंड करून आहेत ना, तेही बघा!