वाचक विचारतात : रबरला बूस्टर लावू द्यावं का?

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, जिल्हा पातळीवर टेबल टेनिस खेळतो. क्लबमधला एक सिनियर त्याच्या मागे लागलाय की रबरला बूस्टर लाव, मोठे प्लेयरपण लावतात, कोणी पकडत नाही. खरंय का हे? लावू द्यावं का?
– एक पालक, नाशिक

उत्तर : नका लावू देऊ. सिनियर म्हणतोय ते बरंचसं खरं आहे, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

बूस्टर म्हणजे तेलासारखं लिक्विड. रॅकेटवर चिकटवतात त्या रबराच्या मागे जो स्पंज असतो त्यावर ब्रशने पातळ थर द्यायचा, मुरू द्यायचं, परत थर. स्पंज फुगतो, अख्खी शीट पापडासारखी वळते, मग ती जरा सपाट झाली की ग्लू लावून ब्लेडवर, म्हणजे रॅकेटच्या लाकडी फळीवर, चिकटवतात. स्पंज ताणलेला राहतो त्यामुळे बॉल जोरात सुटतो, स्पिनपण वाढतो, आवाजसुद्धा बदलतो. काही आठवड्यांनी असर उतरला की परत तेच.

आधी हेच काम स्पीड ग्लू करायचा. त्यातल्या सॉल्व्हंटची वाफ तब्येतीला वाईट म्हणून आयटीटीएफने (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाने) २००८ मध्ये, बीजिंग ऑलिम्पिक झाल्या झाल्या, तो बंद केला, आणि मग लोक तेलाकडे वळले. पुढे २०१४ पासून प्लॅस्टिकचा बॉल आला, स्पिन कमी झाला, तेव्हा मोह अजून वाढला.

नियम अगदी स्पष्ट आहे, रबरावर फिजिकल, केमिकल किंवा कुठलीच ट्रीटमेंट चालत नाही. पण तपासणीत मोजतात काय, तर वाफ, सपाटपणा आणि जाडी, ती ४ मिलिमीटरच्या आत हवी. बूस्टरच्या तेलाची वाफ नगण्य असते, त्यामुळे हात बसलेला माणूस आरामात पास होतो आणि सरळ खेळणारा तोट्यात जातो.

जपानचा जुन मिझुतानी याच्यावर उघड बोलला. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकनंतर निषेध म्हणून त्याने काही काळ आंतरराष्ट्रीय स्पर्धाच खेळल्या नाहीत, ऐन करिअरच्या भरात! नंतर परत आला, रिओमध्ये सिंगल्सचं ब्राँझ घेतलं आणि टोकियोत मिमा इतोबरोबर मिक्स्ड डबल्सचं गोल्ड. एवढ्या मोठ्या प्लेयरने ओरडून सांगूनही बूस्टर पकडणारी पक्की टेस्ट आली नाही, हे आयटीटीएफचं अपयश आहे असं मला ठामपणे वाटतं.

तुमच्या मुलाचं म्हणाल तर या वयात त्याचा स्ट्रोक घडतोय. बूस्टरचा असर उतरत जातो तसा रॅकेटचा फील बदलत राहतो, मग हाताला नक्की कशाची सवय लावायची? त्यापेक्षा कंपनीतूनच स्पंज ट्यून होऊन, म्हणजे आधीच ताणलेला, आलेलं, आयटीटीएफच्या यादीतलं रबर घ्या, ते पूर्ण कायदेशीर आहे, नियम आडवा येतो तो आपण घरी काही लावलं तर. खेळून झालं की ओल्या स्पंजने पुसायचं, वर फिल्म लावून ठेवायचं, ग्रिप गेली की बदलायचं. आणि कोचशी एकदा स्पष्ट बोला, तेही लाव म्हणाले तर सरळ दुसरा क्लब बघा.