ज्ञान मागितले, तरी उत्तर का मिळत नाही?

ख्रिस्ती कुटुंबांतील तरुण माणसे समुपदेशनासाठी येतात तेव्हा एक प्रश्न वारंवार कानी पडतो: "मी ज्ञानासाठी प्रार्थना करते, तरी देव मार्ग दाखवत नाही, माझा विश्वासच कमी पडतो का?" अशाच एका तरुणीची हकिगत, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

ती नर्स होती. आयर्लंडमधील एका रुग्णालयाने तिला नोकरी देऊ केली होती आणि इकडे वडिलांचे डायलिसिस सुरू झाले होते. होकार कळवण्याची मुदत जवळ येत होती आणि तिची झोप उडाली होती. रोज पहाटे प्रार्थना करून ती डोळे मिटून बायबल उघडायची, पानावर बोट ठेवायची आणि बोटाखाली आलेले वचन तारखेसह वहीत उतरवायची. ती वही तिने माझ्यापुढे ठेवली. एका पानावर, आपला देश आणि बापाचे घर सोडून नीघ, ही अब्राहामाला झालेली आज्ञा होती. समोरच्याच पानावर आईबापांचा मान राखण्याची आज्ञा होती. दोन्हींखाली लाल शाईची रेघ होती.

तिच्या भीतीचे मूळ बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्रात होते. जो ज्ञानाने उणा असेल त्याने ते देवाजवळ मागावे, असे पहिल्या अध्यायात सांगितल्यावर लगेच, संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा असतो, असे म्हटले आहे. हे दुसरे वाक्य तिने स्वतःला लावून घेतले होते. देव कोणालाही दोष न लावता देतो, हे पहिल्या वाक्यातील आश्वासन मात्र तिच्या मनात उतरलेच नव्हते. नोकरी घ्यावी की नाही याविषयी मन द्विधा होणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे नव्हे, हे तिला पटेपर्यंत पहिली भेट संपली.

पुढच्या भेटीत आम्ही बायबलमधील 1 राजे या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचला. गिबोन येथे राजा शलमोनाने देवाजवळ बऱ्यावाइटाची पारख करणारे मन मागितले. त्याच अध्यायात पुढे दोन स्त्रिया एका बाळावर हक्क सांगत येतात, तेव्हा आकाशवाणी होत नाही. शलमोन दोघींचे ऐकतो, तलवार आणवतो आणि त्यावर कोण काय बोलते यावरून खरी आई ओळखतो. देवाने दिलेले ज्ञान तेथे ऐकण्यात, पारखण्यात आणि निर्णयाची जबाबदारी स्वीकारण्यात दिसते. आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, हे पुरेसे शिकवले जात नाही, असे मला कळकळीने वाटते. ज्ञानाच्या नावाखाली आपण पुष्कळदा भविष्याची बातमी मागत असतो.

"पण प्रेषितांनी, येशूच्या निवडक शिष्यांनीही, निर्णयासाठी चिठ्ठ्या टाकल्याच ना?" तिने विचारले. प्रश्न रास्त होता. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड तशी झाली. परंतु ती पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाच्या, आधी. त्यानंतर 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात चिठ्ठ्या टाकून निर्णय घेतल्याचा उल्लेख नाही. पंधराव्या अध्यायात परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांची सुंता करावी की नाही हा वाद यरुशलेमेत आला, तेव्हा पुष्कळ वादविवाद झाला, पेत्र बोलला, बर्णबा व पौल यांनी आपले अनुभव सांगितले आणि मग, पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले, असे पत्र गेले. आत्म्याचे मार्गदर्शन त्या चर्चेतूनच आले.

त्यावर मी विचारले, "वडिलांशी बोललात का?" ती बोलली नव्हती, त्यांना वाईट वाटेल, असे तिने गृहीत धरले होते. एकच बाजू ऐकली की ती खरी वाटते, अशा अर्थाचे वचन बायबलमधील नीतिसूत्रे या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात आहे. ते वाचून ती त्याच आठवड्यात त्यांच्याशी बोलली. तिने जावे, असेच वडिलांचे मत होते. त्यांना चिंता होती ती फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी हातातील रक्तवाहिन्या जोडण्याच्या, शस्त्रक्रियेची आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस केंद्रावर कोण नेणार याची. भावाने दोन खेपा स्वीकारल्या, तिसरी मंडळीतील एका शेजाऱ्याने. शस्त्रक्रियेसाठी तिने रुजू होण्याची तारीख पुढे मागितली आणि ती मिळाली.

शेवटी याकोबाच्याच तिसऱ्या अध्यायातील कसोट्या आम्ही त्या निर्णयाला लावल्या: वरून येणारे ज्ञान शांतिप्रिय, सौम्य, दयेने पूर्ण व निर्दंभ असते. 'निर्दंभ' या शब्दाशी ती बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "मला पगारही हवा आहे, हे मी देवापुढे कधी बोललेच नव्हते." ते तिने त्या दिवशी प्रार्थनेत स्पष्ट सांगितले आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयाला होकार कळवला.