थवा घर कसं निवडतो?

प्रश्न : मधमाश्यांचा थवा नवी जागा निवडतो तेव्हा निर्णय राणीमाशी घेते का? नसेल, तर हजारो माश्यांचं एकमत होतं कसं?

उत्तर : या निर्णयात राणीचा काहीच हात नसतो. युरोपीय मधमाशीचा थवा फांदीला लोंबकळत असतो, तेव्हा त्यातल्या काहीशे माश्याच टेहळणीला जातात. साधारण 40 लिटरची, लहान तोंडाची, उंचावरची ढोली त्यांना पसंत पडते. परतलेली टेहळी थव्यावर नाचते. सरळ वर म्हणजे सूर्याची दिशा. नाच तिथून जितका कलतो, सूर्याच्या दिशेपासून तितक्या कोनात जागा. नाचताना एक सेकंद थरथरली तर जागा सुमारे एक किलोमीटरवर.

खरी गंमत पुढे आहे. जागा चांगली असेल तर नाचाचे फेरे जास्त, पण टेहळी जागा पुन्हा पाहून येऊन नाचते, तेव्हा दर खेपेला ते सुमारे 15 ने घटतात. समजा, एकीने पहिल्या खेपेला 60 फेरे घेतले. पुढे 45, 30, 15, म्हणजे एकूण 150. 30 ने सुरुवात करणारीचे होतात 45. पसंतीत दुपटीचा फरक, प्रचारात तिपटीहून जास्त! शिवाय चुकीची शिफारस आपोआप विरते, कारण नाच पाहणारी माशी स्वतः जागा तपासल्याशिवाय तिच्यासाठी नाचत नाही. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ थॉमस सीली यांच्या प्रयोगांतून हे उलगडलं. टेहळ्या दुसऱ्या जागेसाठी नाचणारीला डोक्याने ढुशी देऊन थांबवतातही. दोन तुल्यबळ जागांमधली कोंडी त्याने फुटते.

निर्णय होतो तो मात्र ढोलीपाशी. तिथे एका वेळी 20-30 टेहळ्या जमल्या की गणपूर्ती, म्हणजे निर्णयाला पुरेशी संख्या, झाली. त्या परतून तीव्र आवाज काढतात, बाकीच्या माश्या अंग 35 अंशांपर्यंत तापवतात आणि थवा उडतो. गणपूर्ती कमी संख्येवर झाली तर घाईत वाईट घर मिळेल. जास्त लागली तर थवा उघड्यावर उपाशी राहील. दोन गट अडून बसलेले असतानाच थवा उडाला, तर हवेतच ओढाताण होऊन त्याला पुन्हा खाली बसावं लागतं.

प्रश्न : मग लष्करी मुंग्या गोल गोल फिरून मरतात, त्या का?

उत्तर : त्या जवळजवळ आंधळ्या, पुढचीचा गंध धरून चालतात. एरवी न वापरलेल्या वाटेचा गंध उडून जातो. मुख्य रांगेपासून तुटलेली तुकडी स्वतःच्याच वाटेवर येऊन मिळाली, तर प्रत्येक मुंगी त्या गंधात भर घालते आणि तो उडतच नाही. वाट कुठे जाते हे माशीसारखं तपासणारं तिथे कुणी नसतं. काही मुंग्या भरकटून बाहेर पडल्या, तरच हे वर्तुळ सुटू शकतं.