83 व्या पानावर अडकलेल्याला

प्रिय मित्रा,

रविवारी जिन्यात तू जे बोललास ते डोक्यातून जात नाही. लहानपणी चादरीखाली टॉर्च लावून वाचायचास, आणि आता चार महिने झाले, त्या जाडजूड कादंबरीच्या 83 व्या पानावर अडकला आहेस. "माझ्यातला वाचक संपला बहुतेक काका," असं म्हणून हसलास. हातात दुधाची पिशवी आहे असं निमित्त करून मी "होईल रे" म्हटलं आणि सटकलो. खरं सांगायचं तर मला राग आला होता. तुझा नाही, माझाच.

वाचन किती चांगलं वगैरे तुला सांगत बसत नाही. ते तुला ठाऊक नसतं तर तू अस्वस्थच झाला नसतास. एकच सांगतो. जुनं पुस्तक काढ आणि परत वाच.

आमचा वाडा पंचवटीत होता. 1969 च्या पुरात माळ्यावर टाकायचं राहून गेलेलं एक पुस्तक भिजलं. आईनं ते कुरडयांच्या शेजारी उन्हात वाळत घातलं. पानं फुगली, कडांना गढूळ पाण्याची रेघ उमटली आणि शेवटची सात-आठ पानं एकमेकांना अशी चिकटली की सोडवता सोडवता फाटली. मी आठ वर्षांचा होतो. एका खलाशाची गोष्ट होती. ते पुस्तक मी किती वेळा वाचलं असेल, मोजदाद नाही. शेवट नव्हताच, त्यामुळे तो दर वेळी मीच लावायचो. तापात पडलो असलो की खलाशी घरी पोचायचा. गणिताचा पेपर वाईट गेला की बुडायचा.

घरात अशी मिळून अकरा पुस्तकं. वाचनालयातून वडील शनिवारी एक पुस्तक बदलून आणायचे, पुढच्या शनिवारपर्यंत तेच. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचं, तिथल्या कपाटांत पुस्तकांना तोटा नव्हता. पण आमच्या कार्डावर एका वेळी एकच मिळायचं. मंगळवारी वाचून झालं की बुधवारी परत पहिल्या पानापासून. 1971 साली 'किशोर' निघालं, तो अंकही थोरल्या भावाकडून माझ्यापर्यंत येईतो कव्हर गेलेलं असायचं. परत वाचणं ही काही आमची आवडनिवड नव्हती, दुसरा इलाजच नव्हता. पण डोळ्यांना वळण लागलं ते तिथेच. ओळखीच्या वाक्याची वाट बघायची, ते आलं की थांबायचं. तूही एक पुस्तक दहा वेळा वाचलंस म्हणालास. मग दहा वेळा वाचणाऱ्या माणसानं वर्षाला 50 पुस्तकांचा हिशेब कशाला मांडावा? फोनमध्ये टिकमार्क करायला?

तुझ्या खोलीतल्या त्या थप्प्या मी पाहिल्यात. दर 27 फेब्रुवारीला प्रदर्शनातून पिशवी भरून आणतोस, प्लॅस्टिक तसंच असतं. शिफ्ट करून अंबडहून साडेअकराला घरी येणारा माणूस त्या थप्पीकडे बघतो तेव्हा त्याला पुस्तकं दिसत नाहीत, थकलेले हप्ते दिसतात. वाच बाबा, परत वाच. हप्ते पळून जात नाहीत.

आता माझं ऐक. मी एका छापखान्यात आणि नंतर एका दैनिकात मिळून 37 वर्षं मुद्रितशोधन केलं. वाचायला मिळेल आणि वर पगार मिळेल, म्हणून हरखून गेलो होतो. पण प्रूफ वाचणं हे वाचणं नव्हे. सराईत डोळा ओळखीच्या शब्दावरून पुढे उडी मारतो, आणि मुद्रितशोधकाला ती उडीच मोडावी लागते. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 18 नियम मला झोपेत विचार. वेलांटी, उकार, जोडाक्षर, पुढची ओळ. मजकूर काय होता ते संध्याकाळी आठवत नसे.

चाळिशीत वाचनालयाच्या एका कपाटात मला तोच खलाशी सापडला. धडधाकट प्रत, शेवटच्या पानांसकट. घरी आणली, दिवा लावून बसलो आणि हातात पेन्सिल कधी आली कळलंच नाही. शेवटच्या प्रकरणात दोन ऱ्हस्व-दीर्घ चुकलेत, हे मला आधी दिसलं. तो घरी पोचला की नाही, ते नंतर. पोचला होता. मला काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करून आलो. पुढे गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये आलो तेव्हा पुराच्या पाण्याची रेघ असलेली ती जुनी प्रतही रद्दीत दिली. किलोवर. बायको नको म्हणत होती.

तर तू वाचक संपल्याच्या गोष्टी मला सांगू नकोस.

हल्ली लोक म्हणतात, काका नवीन काही वाचत नाहीत. नाही वाचत! या वर्षी कुणाला कुठला पुरस्कार मिळाला ते मला माहीत नाही आणि कुणी विचारलं तर लाजणारही नाही. निवृत्तीनंतर सहा वर्षांत मी मोजून नऊ पुस्तकं वाचली, पण प्रत्येक चार-पाच वेळा. तिसऱ्या खेपेला पेन्सिलीचा हात आपोआप खाली राहतो, कारण चुका पकडून झालेल्या असतात. मग कुठे गोष्ट सुरू होते. याला आळस म्हण, म्हातारपण म्हण. हट्ट म्हटलंस तर जास्त बरं वाटेल.

ती कादंबरी मिटून टाक. चांगली असेल, थांबेल. वाईट असेल तर सुटलास. तिच्यावर चिडू नकोस आणि स्वतःवर तर मुळीच नको. सिन्नरला आईच्या ट्रंकेत तुझी लहानपणची पुस्तकं अजून आहेत म्हणालास ना? या सुट्टीला गेलास की त्यातलं एक काढ. पहिल्या दहा पानांत बालिश वाटेल, तिथे सोडू नकोस. कुठल्या तरी पानावर तुझा तूच भेटशील, वरणाचा डाग पडलेल्या किंवा कोपरा दुमडलेल्या. भेटला नाहीस तर मला येऊन शिव्या घाल.

आणि येताना ते पुस्तक घेऊन ये, कव्हर नसलं तरी चालेल. मला बघायचंय तू त्यात कुठे कुठे काय खरडून ठेवलंयस. पेन्सिल मी आधीच कपाटात टाकतो.

तुझा,
खालच्या मजल्यावरचा काका