देणग्यांवर चालणारं रुग्णालय खरंच गावाचं होऊ शकतं का?

तुम्ही विचारलंय की धर्मादाय संस्थेचं रुग्णालय शेवटी ट्रस्टींचंच राहतं की लोकांचं होतं, आणि महाराष्ट्रात तसं एखादं उदाहरण आहे का. माझं आजोळ जामखेडच्या बाजूचं, त्यामुळे तिथलंच सांगते.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं वेल्लोरला शिकलेलं. आधी नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात त्यांनी काही वर्षं काढली. तिथे एक गोष्ट त्यांना सतत टोचायची: बरा करून घरी पाठवलेला पेशंट थोड्या दिवसांनी त्याच दुखण्यानं परत यायचा. जुलाब, कुपोषण, बाळंतपणातले मृत्यू, यातलं बहुतेक गावातच टळण्यासारखं होतं. मग दोघं अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९७० मध्ये जामखेडला बसले. सुरुवात गुरांच्या जुन्या, पडीक दवाखान्यात झाली. समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प तो हाच.

पहिला बेत मात्र फसला. शिकलेल्या नर्सेस गावोगाव नेमायच्या ठरलं होतं, पण त्या खेड्यात राहीनात, आणि गावालाही त्या परक्याच वाटायच्या. तेव्हा गावातल्याच पुढाऱ्यांनी सुचवलं, आमच्याच बायका शिकवा की! माझ्या मते या रुग्णालयाचा खरा इतिहास इथून सुरू होतो. निवडलेल्या बायकांपैकी पुष्कळ जणी निरक्षर, पुष्कळ जणी दलित. प्रशिक्षणाला आल्या की सगळ्या जातींच्या बायका एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपायच्या. त्या काळात हे किती अवघड होतं ते माझ्या आजीला विचारायला हवं होतं. तिच्या पिढीत विटाळ घराच्या उंबऱ्यापर्यंत पाळला जायचा. १९७२ च्या दुष्काळात विंधनविहिरी घेतल्या तेव्हाही हातपंप मुद्दाम दलित वस्तीत बसवले. पाणी हवं तर तिकडे जावंच लागे.

अशीच प्रकल्पात शिकलेली एक आरोग्य सेविका आजीच्या गावात होती, तिची पिशवी मी लहानपणी पाहिलीय. बाळंतपणाचं एक पुडकं असायचं, निर्जंतुक केलेलं ब्लेड, नाळ बांधायचा दोरा, गॉज, बस. नाळ विळ्यानं कापायची नाही हे ती प्रत्येक सासूला बजावून सांगायची. जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं ते ती आयांकडून समोर करून घ्यायची आणि घोटभर स्वतः चाखून बघायची. अश्रूंपेक्षा खारट लागलं की ओतून टाकायला लावायची.

प्रकल्पाच्या गावांत सुरुवातीला दर हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत जायची. १९९० च्या दशकात हा आकडा तिशीच्या खाली आला. प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या १९७८ च्या आल्मा-आटा आंतरराष्ट्रीय परिषदेआधी जागतिक आरोग्य संघटनेनं ज्या मोजक्या प्रकल्पांचा अभ्यास केला, त्यात जामखेड होतं. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे मिळालं. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २०११ मध्ये. काम आता पुढची पिढी बघते.

तर ट्रस्टी कोण, हा प्रश्न मी नंतर विचारेन. आधी बघेन की रुग्णालयाचं ज्ञान दाराबाहेर किती गेलंय. देणगीतून खाटा वाढवणं सोपं असतं. जामखेडनं आपल्या खाटांपर्यंत पेशंट येऊच नये म्हणून पैसा आणि वेळ घातला. आजीच्या गावात रात्री-अपरात्री पोर तापलं तर लोक आधी त्या सेविकेचंच दार वाजवायचे.