जेसीबी की कुदळ? आधी खुंट्या ठोका

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. दीड एकर मुरमाड उतार, मे संपत आलेला, आणि "जेसीबीवाला उद्या यायला तयार आहे, सगळे समपातळी चर एकदाच मारून घेऊ का?" समपातळी चर म्हणजे पाणी अडून मुरावं म्हणून उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले लांब खड्डे. सहा वर्षांपूर्वी पुरंदरात मी अगदी इथेच उभा होतो.

चर कशासाठी, किती अंतरावर, ते तुम्ही वाचलेलं दिसतंय. मी माझा घोळ सांगतो. आखणीला माणूस देतो म्हणून एका कार्यालयाने मला एप्रिलभर झुलवलं. कधी साहेब फिरतीवर, कधी अर्जावर गट नंबर नीट नाही. शेवटी पाऊस तोंडावर आला, तेव्हा मीच पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी काढली (दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं), रेषेवर चुन्याची फक्की मारली आणि जेसीबी बोलावला. पहिल्याच फेरीत फक्की टायरखाली पुसली गेली. ऑपरेटर म्हणाला, "दादा, नजरेत आहे माझ्या." आणि मी चहा आणायला गेलो!

60 मीटरच्या चरात एक टोक वीतभर खाली गेलं. बघायला चर झकास. पहिल्या मोठ्या पावसात सगळं पाणी त्या टोकाला तुंबलं, चराच्या मातीचा खालचा बांध फुटला आणि खाली घळ पडली. शिवाय वरची माती आधी बाजूला काढली नव्हती, ती मुरमाखाली गाडली गेली. त्या बांधावर दोन वर्षं टाकळासुद्धा धड आला नाही.

तरी मी यंत्राच्या विरोधात नाही. तो 60 मीटरचा चर मीटरभर रुंद, अर्धा मीटर खोल धरला तर 30 घनमीटर होतो. मुरमात कुदळीने दोन गड्यांचा पंधरवडा जाईल. खोदाई यंत्रालाच द्या. तळाची पातळी, बांध चोपून घट्ट करणं आणि जादा पाणी काढून देणारा दगडी सांडवा मात्र कुदळ-फावड्याने. आखणीच्या खुंट्या चराच्या रेषेवर नकोत, वरच्या अंगाला दोन मीटर सरकवून ठोका. दर पाच मीटरला नळी लावून तळ तपासल्याशिवाय जेसीबीच्या तासांचा हिशेब मिटवू नका, नंतर जेसीबीवाले फोन उचलत नाहीत.

हे मुरमाचं झालं. चिकण काळ्या रानातलं मला विचारू नका. एवढं मात्र नक्की, रान ओलं असताना ते सात-आठ टनांचं धूड आत घालायचं नाही, माती दगडासारखी बसते.

बांधावर लावायला वाळा हवा असेल तर जूनमध्ये या. आमच्याकडे फुटवे ढीगभर आहेत, फक्त पोतं तुमचं आणा.