विमान संत्र्याच्या बगीच्यात शिरलं, आणि दोष वाऱ्याचा?

प्रश्न : पश्चिम विदर्भात धावपट्टीच्या धुऱ्याला लागून आमचा संत्र्याचा बगीचा आहे. मे महिन्यात, दुपारच्या वाऱ्यात वैमानिक प्रशिक्षण संस्थेचं छोटं विमान उतरताना घसरलं आणि कुंपण तोडून आत आलं. कोणी जखमी नाही, पण अकरा झाडं मोडली, ठिबकच्या नळ्या तुटल्या, इंधन सांडलं. संस्था म्हणते, वारा ही देवाची करणी; २५ हजार घ्या आणि सही करा. करू का?

उत्तर : भाऊ, सही करू नका. 'यापुढे कोणताही दावा करणार नाही' असं त्या कागदावर असेल, तर पुढची वाट तिथेच बंद होते. पैशाची नडच असेल तर 'हक्क राखून, अंशतः रक्कम मिळाली' एवढीच पावती द्या.

देवाची करणी म्हणून सुटायचं, तर वारा आधी ओळखता येण्यासारखा नव्हता आणि काळजी घेऊनही अपघात टळला नसता, हे संस्थेला दाखवावं लागेल. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे वावधन, म्हणजे वादळी वारा, उठतं, हे कोणताही कास्तकार सांगेल. शिकवणीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या सेसना १७२ च्या पुस्तिकेत किती आडव्या वाऱ्यात विमान उतरवून दाखवलं आहे, त्याचा आकडा १५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर आहे. तुमच्याकडे आलेलं विमान कोणतं होतं, त्या वेळी वारा किती आणि कुठून होता, शिकाऊ मुलगा एकटाच होता का, त्याला कोणी सोडलं, हे संस्थेला नोटीस पाठवून विचारा. झोत खरोखरच अनपेक्षित निघाला तर त्या मुलाला मी दोष देणार नाही. पण त्या हवेत त्याला वर पाठवणाऱ्यांचा प्रश्न उरतोच.

अपघाताची सरकारी चौकशी पुन्हा असं घडू नये म्हणून असते. ती तुम्हाला भरपाई देणार नाही. पीकविम्याच्या भरवशावरही राहू नका, ही नैसर्गिक हानी नाही. भरपाईसाठी दिवाणी दावा, साधारण तीन वर्षांच्या आत. त्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे तडजोडीचा अर्ज करा. सातबारा घरच्या बाईच्या नावावर असेल, तर उत्पन्न कितीही असो, तिला वकील मोफत मिळतो.

आता हिशेब. अकरा झाडं म्हणजे यंदाचा अंबिया बहार, म्हणजे या हंगामाची फळं, एवढंच नव्हे. नवं कलम लावलं तरी नीट फळावर यायला पाचेक वर्षं जातात. ती वर्षंही मागा. तलाठ्याचा पंचनामा, तालुका कृषी कार्यालयाचा झाडांचा अहवाल, मागच्या वर्षांच्या विक्रीपट्ट्या जोडा. बहार आधीच व्यापाऱ्याला दिला असेल तर सौदाचिठ्ठी दाखवा, कारण नुकसानीतला काही भाग त्याचाही असेल.

आणि सांडलेल्या इंधनाजवळची माती आणि विहिरीचं पाणी पहिला पाऊस पडायच्या आत, पंचांसमोर तपासायला द्या.